मी वाचून न दाखवलेलं कलम

बाई,

तुमचं बारावं झालं आणि दोन दिवसांनी अभय पणजीहून आला. तुमच्या खोलीत गेला, पण तुमच्या खुर्चीवर बसला नाही. पेशंट बसतात त्या स्टुलावर बसला आणि मला बोलावलं. "मंदाताई," म्हणाला, "या इस्पितळात जी यंत्रं आहेत, त्यांतलं मावशीचं स्वतःचं काय आणि दुसऱ्याचं काय, एवढं मला लिहून द्या. ते कळलं की पुढचं ठरवता येईल." भाचा तुमचा, पण आवाजात घाई नव्हती. मला बरं वाटलं.

सव्वीस वर्षं तुमचे हिशेब मी लिहिले. अभयने विचारलं ते खरं तर अर्ध्या तासाचं काम. मला चार दिवस लागले.

मी तुमच्याकडे आले तेव्हा नुकती बीकॉम झाले होते. नार्वे गावाहून डिचोलीला बसने आले होते आणि उलटीने माझी साडी खराब झाली होती. तुम्ही आधी मला आत नेऊन तोंड धुवायला लावलंत, लिंबाचं पाणी दिलंत, आणि मग मुलाखत घेतलीत. मुलाखत म्हणजे दोन-तीनच वाक्यं. "मला कागद वाचायचा कंटाळा येतो गो. तू वाचायचे, मला सांगायचे, मी सही करायची. जमेल?" मी हो म्हणाले.

पहिल्याच वर्षी तुम्ही एक्स-रेचं यंत्र घेतलंत, रोख. वडिलांकडून वाट्याला आलेला बागायतीचा तुकडा विकून. मी यंत्राची किंमत एका पानावर लिहिली आणि टेंपोचं भाडं, भिंतीला शिशाचा पत्रा मारायचा खर्च, बसवायला आलेल्या माणसाचे पैसे वेगळ्या पानावर, किरकोळ खर्चात टाकले. पणजीच्या सीएंनी ते खोडलं. यंत्र चालू होईपर्यंत त्याच्यासाठी जे जे लागलं ते यंत्राच्याच किमतीत धरायचं, म्हणाले. मी रडवेली होऊन तुमच्याकडे आले. तुम्ही पेशंटचा रक्तदाब बघत होता. मान वर न करता म्हणालात, "मग मी तीन दिवस गवंड्यांना चहा करून घातला, तोही धर की." पेशंट हसला आणि तुम्ही त्याला रागावलात, कारण रक्तदाब चुकीचा आला.

सोनोग्राफीचं यंत्र बँकेच्या हप्त्यांवर आलं. तेव्हा आपलं पहिलं खरं भांडण झालं. दर महिन्याला बँकेत एवढे पैसे जातात, मग ते सगळे खर्चात का दिसत नाहीत, हे तुम्हाला पटेना. मी सांगायची, यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच दिवशी तुमच्या नावावर लिहिली, तेवढंच कर्ज समोर लिहिलं. हप्त्यातलं मुद्दल त्या कर्जातून वजा होतं, खर्च म्हणून धरायचं ते फक्त व्याज आणि वर्षाचा घसारा. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि पुढच्या महिन्यात तेच विचारायचात. एकदा म्हणालात, "पण हप्ते फिटेपर्यंत मला ते यंत्र माझं वाटत नाही. त्याला हात लावताना बँकेची परवानगी घेतल्यासारखं वाटतं." मी म्हटलं, पुस्तकात ते पहिल्या दिवसापासून तुमचंच आहे. "तुझं पुस्तक माझ्यापेक्षा धीट आहे," म्हणालात.

तुम्हाला दुसऱ्याची वस्तू वापरायचा मनापासून संकोच होता. तो मी लक्षात घ्यायला हवा होता.

मारुती आला त्याला सात वर्षं झाली. गडहिंग्लजकडचा, डिचोलीच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा, जवळच्या मुळगावात एका खोलीत बायकोबरोबर राहणारा. पाय सुजले म्हणून दाखवायला आला आणि तुम्ही त्याची दोन्ही मूत्रपिंडं गेल्याचं त्याला सांगितलंत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. जवळपास कुठे जागा मिळाली नाही. पणजीच्या पलीकडे मोठ्या इस्पितळात मिळाली, उपचार फुकट, पण जायला दोन बसगाड्या आणि यायला दोन. महिनाभर तो गेला. मग एक दिवस बायको सुरेखा त्याला धरून आपल्याकडे घेऊन आली. येताना बसमध्ये चक्कर येऊन पडला होता.

"बाई, आठवड्यातनं तीन खाडे व्हायला लागले," तो म्हणाला. "सुपरवायझर चांगला हाय, पर तो तरी किती दिस सांभाळंल?"

तो गेल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मंदा, डायलिसिसचं यंत्र केवढ्याला पडतं ते काढ."

मी दोन्ही बाजूंनी काढलं. एक वाट म्हणजे सोनोग्राफीसारखीच, बँकेच्या हप्त्यांवर विकत घ्यायचं. दुसरी वाट एका कंपनीने दाखवली. यंत्र ते आणून बसवणार, आपण एक पैसा द्यायचा नाही, दुरुस्तीही त्यांची. यंत्रावर एक आकडा फिरतो. महिन्याच्या शेवटी जितकी डायलिसिस झाली तितक्यांचे ठरलेल्या दराने पैसे द्यायचे. यंत्र कायम कंपनीचं. आपल्या पुस्तकात ना कर्ज, ना घसारा, नुसता दर महिन्याचा खर्च. पाणी शुद्ध करायची टाकी आणि नळ्या मात्र आपल्याला भिंतीत बसवाव्या लागणार होत्या.

सोनोग्राफीचे हप्ते अजून वर्षभर बाकी होते. तुमचं वय एकसष्ट होतं. आणखी एक कर्ज तुमच्या डोक्यावर मला नको होतं. हे खरं आहे, बाई, आणि मी ते तेव्हाही तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं यंत्र माझ्या पेशंटच्या रक्ताला लावायचं." मी म्हटलं, रक्ताला काय कळतंय यंत्र कोणाचं ते. तुम्ही हसला नाहीत. पण करार मागवायला सांगितलंत.

करार आला. अकरा पानं. मी जेवणाच्या सुट्टीत जनेलापाशी बसून वाचला, त्या खिडकीची दारं मुद्दाम उघडून, नीट उजेडात. सातव्या पानावर एक कलम होतं. सलग सहा महिने ठरलेल्या संख्येपेक्षा कमी डायलिसिस झाली, तर कंपनी एक महिन्याची सूचना देऊन यंत्र परत नेऊ शकते.

मी ते दोनदा वाचलं. मला माहीत होतं की हे तुम्हाला वाचून दाखवलं तर तुम्ही त्याच क्षणी कागद बाजूला ठेवाल आणि बँकेत जाल. मी मनात हिशेब केला. पेडण्यापासून पेशंट येतील, संख्या कधीच कमी पडणार नाही. दुपारी तुम्हाला बाकी सगळं समजावून सांगितलं. तुम्ही पेनचं टोपण काढलंत आणि विचारलंत, "आणखी काही आहे?"

मी म्हटलं, "नाही, बाकी नेहमीचंच."

तुम्ही सही केलीत.

दोन वर्षं यंत्र चाललं. मारुती सकाळची पाळी संपवून यायचा. त्याच्यासाठी तुम्ही पोदेराकडून पावाचा एक उंडा जास्तीचा घेऊन ठेवायचात, रिकाम्या पोटी यंत्रावर बसायचं नाही म्हणून. त्याचं काम टिकलं. पेडण्याच्या एका मास्तरांची पत्नी यायची, ती आपल्या पाळीची वाट पाहत त्याला कोळंबीच्या हुमणाची, नारळाच्या कालवणाची, कृती सांगायची, आणि तो, ज्याला मीठ आणि पाणी मोजून मिळत होतं, मन लावून ऐकायचा. आठ जण होते, बहुतेक आठवड्यातून दोनदाच येणारे. मी महिन्याच्या शेवटी यंत्रावरचा आकडा उतरवून घ्यायची आणि मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटायचा.

तुम्ही मात्र फुकट द्यायला लागलात. आधी एकाला, मग तिघांना. मी पुस्तक घेऊन आत आले. "बाई, यंत्र आपलं असतं तर फुकट दिलं तरी नळ्यांचा आणि विजेचाच खर्च होता. हे मोजून पैसे घेणारं आहे. तुम्ही एकाला फुकट देता तेव्हा कंपनीला खिशातून देता."

"मग खिशातून देते," म्हणालात. थोड्या वेळाने म्हणालात, "म्हणूनच मला आपलं हवं होतं."

त्या वाक्यात दोष दिल्यासारखं काही नव्हतं. तरी मी बाहेर येऊन बराच वेळ पुस्तक उघडलं नाही. पुढे मला दिसलं की तुम्ही दर महिन्याला स्वतःसाठी उचलता ती रक्कम कमी कमी होत चालली आहे, आणि त्या तिघांच्या नावावर पावत्या फाटताहेत. तुमच्याच पैशांनी. मी त्या पावत्या तशाच लिहिल्या. विचारलं नाही.

मग मास्तरांची पत्नी गेली. एकाला भावाचं मूत्रपिंड मिळालं. दोघे मुलांकडे निघून गेले. आठाचे चार झाले. मी दर महिन्याला आकडा उतरवत होते आणि सहा महिने मोजत होते, आणि तुमच्यापाशी तोंड उघडलं नाही. तेव्हा तरी सांगितलं असतं तर तुम्ही काही केलं असतंत. आणखी पेशंट शोधले असतेत, कंपनीशी भांडला असतात.

सूचना आली. तुम्ही पाकीट स्वतः फोडलंत, कधी नव्हे ते. मग कपाटातून करार काढलात आणि सातवं पान वाचलंत. मी दारात उभी होते. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मी बोलायला लागले होते, खरंच लागले होते, पण शब्द फुटायच्या आत तुम्ही म्हणालात, "सही करायच्या आधी मी वाचायला हवं होतं." आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलंत.

यंत्र नेलं तेव्हा भिंतीतून बाहेर आलेल्या दोन नळ्या तेवढ्या राहिल्या. त्या आपल्या होत्या.

मारुती पुन्हा बसने जायला लागला. पावसाळा होता. एकदा ताप आला म्हणून गेला नाही, पुढच्या वेळी अशक्तपणामुळे गेला नाही. तिसऱ्या वेळी सुरेखाने रिक्षा केली, पण उशीर झाला होता. तुम्ही आणि मी मुळगावला गेलो. खोलीत त्याचा कारखान्याचा निळा शर्ट दोरीवर वाळत होता. तुम्ही सुरेखाच्या शेजारी जमिनीवर बसलात. मला कुठे बसावं ते कळेना. मी दारातच उभी राहिले.

त्यानंतर तुम्ही जे केलंत त्यावरून आपण तीन आठवडे बोललो नाही. म्हापशाचे एक वयस्कर डॉक्टर आपलं छोटं इस्पितळ बंद करत होते. त्यांच्याकडचं डायलिसिसचं जुनं यंत्र तुम्ही घेतलंत. व्याज नाही, हप्ता ठरलेला नाही, कागदही नाही. ठरलेली एक रक्कम, जमेल तशी द्यायची. मी म्हटलं, हे मी पुस्तकात लिहिणार नाही. कागद नाही, मुदत नाही, उद्या ते म्हणाले यंत्र परत द्या, तर तुमच्याकडे काय आहे?

"त्यांचा शब्द आहे."

"शब्द कुठल्या पानावर लिहायचा?"

मी एवढ्या मोठ्या आवाजात बोलले की ओपीडीतले लोक वळून पाहायला लागले. बाई, मी त्या डॉक्टरांवर नाही ओरडले. मी त्या अकरा पानांवर ओरडत होते. कागद असूनही काय झालं ते मला माहीत होतं आणि तरी मी तुमच्याकडे कागदच मागत होते.

तीन आठवड्यांनी तुम्ही माझ्या टेबलावर एक चिठ्ठी आणून ठेवलीत. तुमच्या वाईट अक्षरात रक्कम, यंत्राचं नाव, तुमची सही, त्या डॉक्टरांची सही, आणि खाली एक ओळ: यंत्र आजपासून डिचोलीच्या डॉक्टरबाईंचं, पैसे आले नाहीत तरी परत मागणार नाही. "आता लिहिशील?" विचारलंत. मी लिहिलं. यंत्राची पूर्ण रक्कम एका बाजूला, तेवढंच देणं दुसऱ्या बाजूला. व्याजाचा रकाना रिकामा. तितकी सोपी नोंद मी सव्वीस वर्षांत दुसरी केली नाही. देणं गेल्या वर्षी फिटलं. शेवटचा चेक लिहिताना तुम्ही म्हणालात, "आता दे फुकट ज्याला द्यायचं त्याला," आणि मला पहिल्यांदा कळलं की तुम्ही इतके दिवस याच एका गोष्टीची वाट पाहत होता.

सुरेखाला तुम्ही कामावर घेतलंत. आधी झाडलोट, मग यंत्र धुणं, नळ्या लावण्याची तयारी. आता डायलिसिसच्या खोलीतलं काहीच तिच्याशिवाय चालत नाही. पण पहिलं वर्षभर ती तुमच्याशी कामापुरतंच बोलायची. तुम्ही सगळ्यांसाठी चहा करायचात, ती तिचा कप तसाच ठेवून द्यायची. चहावर साय धरायची, संध्याकाळी तुम्हीच तो ओतून धुवायचात. मला वाटायचं, दुःख आहे, दुसरं काय. मी तुम्हाला एकदा म्हटलंही, ही मुलगी फार ताठ आहे. तुम्ही म्हणालात, "आसूं दे गो. तिचं बरोबर आहे."

त्या दिवशी नऊला ओपीडी होती. तुम्हाला कधी पाच मिनिटांचा उशीर झाला नव्हता. सव्वानऊला मी घरी फोन केला, कोणी उचलला नाही. मी आणि सुरेखा चालत गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. तुम्ही साडी नेसून, केस विंचरून, पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसला होता. सुरेखाने नाडी पाहिली. ती तुमच्याकडेच शिकली होती. मग ती तिथेच खाली बसली आणि तुमचे पाय मांडीवर घेतले.

अभयला मी सगळं लिहून दिलं. तीन यंत्रं, तिन्ही तुमची, कोणाचं काही देणं नाही. त्याने घसारा काढून उरलेल्या किमती पाहिल्या आणि म्हणाला, "एवढीच किंमत?" मी म्हटलं, पुस्तकात एवढीच. तो डायलिसिसच्या खोलीत जाऊन आला. सध्या चार पेशंट पाळीपाळीने येतात, दोघे फुकट. बाहेर आल्यावर म्हणाला की साखळी गावच्या एका तरुण डॉक्टरशी बोलतो, वर्षभर तरी चालू ठेवू. पुढचं त्यालाही माहीत नाही.

तो गेल्यावर मी सुरेखाला बोलावलं. ती हात पुसत आली. मी तिला करार दाखवला नाही, नुसतं सांगितलं. कलम होतं, मी वाचलं होतं, बाईंना सांगितलं नाही. सहा महिने मोजत होते, तेव्हाही सांगितलं नाही.

तिने हातातलं फडकं घडी करून टेबलाच्या कडेवर ठेवलं. मग म्हणाली, "बाईंनी मला सांगितलेलं, कागद मी न वाचता सही केली म्हणून मशीन गेली. मारुती गेल्यावर पंधरा दिवसांनी घरी येऊन सांगितलेलं. म्हणून वर्षभर मी त्यांच्या हातचा चहा घेतला न्हाई."

मी समोरचं पुस्तक मिटलं.

"मी तवा इचारलं त्यास्नी," ती म्हणाली. "कागद वाचायचं काम तर मंदाताईंचं. तर म्हणाल्या, सही माझी हाय. तुला राग धरायचा तर माझ्यावर धर, तिच्यावर नको."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. चष्मा टेबलावर ठेवून माझ्याकडे पाहिलंत तेव्हाच कळलं होतं. आणि मी बोलू नये म्हणून तुम्ही आधी बोललात. पाच वर्षं आपण समोरासमोर बसून काम केलं, मी तुम्हाला सांगायचं सांगायचं म्हणत राहिले, आणि तुम्ही ते ऐकायच्या आधीच उचलून बाजूला ठेवलं होतंत. मला एकदा बोलू द्यायचं होतंत, बाई. मला राग येतो तुमचा. दिवसातून दहा वेळा येतो, आणि दर वेळी मला तुमच्या खोलीत जाऊन तुमच्याशीच भांडावंसं वाटतं.

सुरेखा उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "ताई, मी आता तुमच्याशी किती दिस बोलणार न्हाई, ते मला सांगता यायचं न्हाई." तिच्या आवाजात राग नव्हता. तिने मला ते कळवून ठेवलं, एवढंच. आणि ती पेशंटकडे गेली.

त्याला आज नऊ दिवस झाले. चहा आता मी करते. तिचा कप तिच्या टेबलावर नेऊन ठेवते आणि संध्याकाळी भरलेलाच परत आणून मोरीत ओतते. तुमच्या वाट्याला हे एक वर्ष होतं. मी रोज करते आहे, बाई. उद्याही करीन.